साडेचार हजार रुपये आणि चिंचोक्यांची वाटी

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सांगलीत विश्रामबागेत, कॉलेजच्या पोरांची ये-जा असते त्या बाजूला. दिवसभर बोलायचंच काम. 'पाठपोट की एका बाजूला?', 'स्पायरल का नुसती पिन?', 'पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आहे बाळा, दुसरा आण.' त्यामुळे मला बोलता येत नाही असं कुणी म्हणणार नाही. शंका असेल तर माझ्या नवऱ्याला विचारा. पण सोसायटीच्या सभेत उभं राहून 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' एवढंच वाचायचं असलं तरी हातातला कागद असा थरथरायचा की पहिल्या रांगेतल्यांना वारा लागावा.

सेक्रेटरी मी कशी झाले? 'वहिनींकडं मशीन आहे, नोटिसा फुकट निघतील.' एवढ्या एकाच पात्रतेवर. आमची सोसायटी शामरावनगरात, १८ फ्लॅटची. सांगलीतल्या लोकांना याहून जास्त सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या पार्किंगमधले विजेचे मीटर, पाण्याचा पंप, दोन स्कूटर आणि एक पिठाची गिरणी पाण्याखाली. २०२१ च्या जुलैत परत तेच. तेव्हापासून प्रत्येक सभेत एकच विषय: मीटर वर घ्यायचे का नाही. प्रत्येक सभा तासाभरात भांडणावर यायची आणि चहा प्यायला न थांबता लोक घरी जायचे. चहा मात्र मीच सांगितलेला असायचा.

अशात एक दिवस दुकानात एक मॅडम आल्या. नऊ पानं, सोळा संच. चौथ्या पानाला मशीन अडकलं. बाजूचं झाकण उघडून चुरगळलेला कागद ओढून काढला, सवयीनं सरळ केला आणि त्यावरची ओळ वाचली: 'उपाय सांगण्याआधी प्रश्न हा प्रश्नाच्या रूपात लिहा. शेवटी प्रश्नचिन्ह आलं पाहिजे.' मी दोनदा वाचली. आमच्या सोसायटीच्या विषयपत्रिकेत एकाही ओळीला प्रश्नचिन्ह नव्हतं. सगळीकडं 'बाबत'. मीटर स्थलांतराबाबत. पार्किंगबाबत. थकबाकीबाबत. मॅडमना विचारलं, हा कसला क्लास? त्या म्हणाल्या, 'भाषणाचा आणि गटचर्चेचा. रविवारी या, बसून बघा.'

तर हा त्या क्लासबद्दलचा माझा अनुभव. क्लासचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, सांगली केवढीशी, आणि त्यांची झेरॉक्स अजून माझ्याकडंच होते. ज्याला जायचंय त्याला शंभर फुटी रोडवर दोन ठिकाणी विचारलं की सापडेल.

बारा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. फी ४,५०० रुपये, दोन हप्त्यांत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. आम्ही सोळा जण. स्पर्धा परीक्षेची मुलाखत द्यायची होती अशी दोन मुलं, कॅम्पस प्लेसमेंटवाला एक इंजिनिअरिंगचा पोरगा, विम्याचे एक एजंट, एका दवाखान्यातली सिस्टर, पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचंय हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलेले एक दादा, तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार ज्यांना गावच्या विकास सोसायटीत संचालक म्हणून बोलावं लागतं, आणि असेच बाकीचे. बायका पाचच. पहिले सहा रविवार भाषणाचे, ते सर घ्यायचे. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, आवाज खणखणीत, शर्ट कायम खोचलेला. पुढचे चार रविवार मॅडमचे, गटानं प्रश्न सोडवण्याचे. शेवटचे दोन सराव आणि समारोप.

सरांची सुरुवात दर रविवारी एकाच वाक्यानं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि तुम्ही माईकला घाबरता? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मनात आलं, भाव्यांच्या मागं राजाश्रय होता. माझ्या मागं थकबाकीदार आहेत.

पण सरांची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. चिंचोके. प्रत्येकानं तीन मिनिटं बोलायचं, विषय स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढून. मला आली 'छत्री'. खिडकीपाशी एक जण बसणार, त्याच्यासमोर स्टीलची रिकामी वाटी, हातात मूठभर चिंचोके. बोलणाऱ्याच्या तोंडून विनाकारण 'म्हणजे', 'काय आहे की', 'ॲक्च्युअली' किंवा नुसता लांबलेला 'अंऽऽ' आला की एक चिंचोका वाटीत. टण्ण. मी छत्रीवर सुरू केलं, 'म्हणजे छत्री म्हणजे' आणि टण्ण, टण्ण. दुसऱ्या आवाजाला मी हसले, तिसऱ्याला रडकुंडीला आले. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी 'म्हणजे' ओठावर आला की माझी नजर वाटीकडं जायला लागली आणि शब्द आत गिळला जायला लागला. तीन मिनिटांनी सिस्टरनं मोजले: ३१. त्यातले १९ पहिल्या मिनिटातले. सहाव्या रविवारी माझे सात पडले. सरांनी सांगितलं की ही युक्ती त्यांची नाही. टोस्टमास्टर्स नावाच्या, भाषणाचा सराव करणाऱ्या ज्या मंडळ्या जगभर चालतात, १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडलींनी ज्यांची पहिली बैठक घेतली, त्यांच्याकडं असे अडखळ-शब्द मोजायला एक माणूस नेमलेलाच असतो. चिंचोके मात्र आमच्या सरांचेच.

घरी येऊन मी हा प्रयोग नवऱ्यावर केला. फोनवर बोलताना तो 'बरोबर आहे' किती वेळा म्हणतो ते मोजलं. दोन दिवस अबोला होता.

आता बागायतदार. पहिल्या रविवारी ते उठले आणि 'सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान' असं सुरू झालं. समोर व्यासपीठ नव्हतं, विराजमान कुणी नव्हतं, एक पंखा होता आणि तोही बंद. 'सदर', 'तद्वतच', 'अनुषंगाने' असं बोलून घामाघूम होऊन बसले. सरांनी त्यांना चिंचोक्याबद्दल काही म्हटलं नाही. येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांबद्दल सांगितलं. प्रतिसरकारच्या दिवसांत हा माणूस हजारोंपुढं बोलायचा तो शेतकऱ्याच्या घरातल्या भाषेत, बैल-नांगर-भाकरीचे दाखले देत, म्हणून लोक रात्र रात्र बसायचे. 'पुढच्या रविवारी तुम्ही बेदाण्यावर बोला,' सर म्हणाले, 'आणि पोराला सांगताय असं बोला.'

पुढच्या रविवारी ते बोलले. द्राक्षं काढून डिपिंग ऑइलच्या द्रावणात कशी बुडवायची, शेडमधल्या जाळीवर कशी पसरायची, पंधरवड्याच्या आत-बाहेर बेदाणा कसा तयार होतो, आणि त्या पंधरवड्यात आभाळ भरून आलं की घरात कुणी कुणाशी बोलत नाही. 'माझा बाप उठून मध्यरात्री शेडकडं जायचा. करायचं काय न्हाई तिथं, नुसता उभा ऱ्हायचा.' एवढं म्हणून ते थांबले. पुढचं सुचलं नाही म्हणून थांबले असं ते नंतर म्हणाले, पण खोलीत हूं का चूं नव्हतं. चिंचोके टाकणारा इंजिनिअर पोरगा मूठ उघडायला विसरला होता.

सरांच्या तासातली दुसरी कामाची गोष्ट म्हणजे मन्रो यांचे पाच टप्पे. ॲलन मन्रो हे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले भाषणकलेचे प्राध्यापक, १९३० च्या दशकातली त्यांची ही मांडणी. आधी लक्ष वेधा, मग गरज दाखवा, मग उपाय द्या, मग उपाय केला तर काय होईल आणि नाही केला तर काय होईल याचं चित्र उभं करा, आणि शेवटी समोरच्यानं आता नेमकं काय करायचं ते सांगा. सर हे फळ्यावर लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर सांगली-मिरज बसमध्ये कंगवे आणि सुया विकणारा उभा राहिला. तो हे पाचही टप्पे दोन थांब्यांमध्ये उरकतो. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून सुनेला हाक मारायला लागते का मावशी? ही गरज. त्याला कुणी पर्ड्यूला पाठवलं नव्हतं. पण मला पाचवा टप्पा माहीत नव्हता हे खरं. मी सभेत सगळं सांगायची आणि शेवटी 'तर असं आहे' म्हणून बसायची. लोकांनी करायचं काय ते सांगायचंच राहायचं.

हे झालं चांगलं. आता सरांवरचा माझा मुख्य राग. चौथ्या रविवारी त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मला तेव्हाच खटकलं. फोनवरून गिऱ्हाईक सांगतं, 'पान १२ ते ४०, पाठपोट, कव्हर निळं, तीन प्रती.' त्यातले ९३ टक्के कुठल्या हातवाऱ्यांत असतात? त्या इंजिनिअर पोरानं बसल्या जागी मोबाइलवर शोधून काढलं. आकडे अल्बर्ट मेहराबियन यांचे, १९६७ च्या प्रयोगांतले. एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून किंवा चेहऱ्याच्या फोटोबरोबर देऊन, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही याचा अंदाज लोक कशावरून बांधतात एवढंच त्यांत तपासलेलं. सगळ्या बोलण्याला ते लागू नाही, हे स्वतः मेहराबियननीच सांगितलंय. पोरानं हात वर करून हे वाचून दाखवलं. सर म्हणाले, 'गुगलवर काहीही येतं.' वीस वर्षं शिकवलेला आकडा सोडवत नाही माणसाला, मी समजू शकते. पण मुलाखतीला जाणाऱ्या पोरांनी तो तिथं जाऊन फेकला तर?

बाकीच्या तक्रारी भराभर सांगते. माईक शिट्टी मारतो. बायकांच्या बाथरूमची किल्ली खालच्या वॉचमनकडं असते आणि तो रविवारी अकराला येतो. आमच्या भाषणांचे व्हिडिओ न विचारता क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले गेले. सिस्टरना ते अजिबात आवडलं नाही, त्यांनी सांगितल्यावर काढले, पण तोवर चार लोकांनी डाउनलोड केले होते. सर्टिफिकेटवर माझ्या नावात काना राहिला. तो मी माझ्याच दुकानात दुरुस्त करून घेतला.

सातव्या रविवारी मॅडम आल्या आणि पहिलं काम केलं ते म्हणजे खुर्च्या फिरवल्या. रांगा मोडून गोल. नगरसेवक दादांना कुठं बसावं ते कळेना, कारण गोलाला पुढची रांग नसते.

मॅडमनी फळ्यावर एक नाव लिहिलं: जॉन ड्युई. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले तेव्हा तिथं त्यांचे जे शिक्षक होते ते ड्युई. माणूस विचार कसा करतो हे त्यांनी १९१० च्या एका पुस्तकात पाच पायऱ्यांत मांडलं. काहीतरी अडतंय हे जाणवणं. नेमकं काय अडतंय ते शोधणं. उपाय सुचणं. त्या उपायाचं पुढं काय होईल याचा मनातल्या मनात पिच्छा पुरवणं. आणि मग करून, पडताळून बघणं. हे एकट्या माणसाच्या डोक्यातलं. भाषण आणि संवाद शिकवणाऱ्या लोकांनी पुढं याच पायऱ्या गटाच्या चर्चेला लावल्या आणि मध्ये एक पायरी घातली: उपाय बघण्याआधी चांगला उपाय कशाला म्हणायचं त्याचे निकष ठरवा. खर्च किती झेपेल, वेळ किती आहे, कुणाला त्रास झालेला चालणार नाही.

'आता आपापल्या घरातला, सोसायटीतला, ऑफिसातला एक प्रश्न लिहा,' मॅडम म्हणाल्या. मी लिहिलं: 'मीटर वर घ्यायचे का?' प्रश्नचिन्ह दिलं. मला वाटलं, जमलं. मॅडमनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, 'हा प्रश्न नाही ताई. हा उपाय आहे, त्याला शेपूट लावलंय.' मी म्हटलं, मग प्रश्न काय? त्या म्हणाल्या, 'मीटर खाली राहिले तर तुमचं काय अडतं?' वीज जाते. 'पुरात महावितरण तशीही वीज बंद करतं ना? मग?' नंतर लवकर येत नाही, कारण मीटर भिजलेले असतात. 'आणि?' पंप भिजतो, पाणी चढत नाही. पाणी ओसरल्यावरही आठ-दहा दिवस टँकर. 'कुणाला जास्त त्रास होतो?' वरच्या मजल्यावर दोन घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांना. 'मग हे लिहा.' मी खोडून लिहिलं: 'पूर आला आणि गेला, तरी आपल्या इमारतीत कुणालाही एका दिवसापेक्षा जास्त पाण्यावाचून आणि चार दिवसांपेक्षा जास्त विजेवाचून राहायला लागू नये, यासाठी आपल्याला काय काय करता येईल?' वाक्य लांबलचक आहे. पण त्याला हो-नाही असं उत्तर देता येत नाही, आणि भांडण हो-नाहीवरच होतं. सहा वर्षं आम्ही मीटरला हो आणि मीटरला नाही अशा दोन पार्ट्यांत बसलो होतो, आणि पंप कुणाच्या डोक्यातच नव्हता.

या एका अर्ध्या तासासाठी मी ४,५०० परत भरीन.

आठव्या रविवारी त्यांनी आमच्यावर एक प्रयोग केला. ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो रूढ केला अलेक्स ऑसबॉर्न या जाहिरातवाल्यानं. १९५३ च्या त्याच्या पुस्तकातले नियम चार: टीका नको, भन्नाट सुचलं तरी बोला, जितकं जास्त तितकं चांगलं, दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोडा. ऐकायला छान. मॅडमनी आमचे दोन गट केले, आठ-आठ जणांचे. एक गट बोलून कल्पना काढणार, दुसऱ्या गटातले आठ जण एकमेकांशी न बोलता आपापल्या कागदावर लिहिणार. विषय एकच, गणपतीत मंडळानं वर्गणी कमी पडली तर काय करावं. वेळ दहा मिनिटं. बोलणाऱ्या गटात हशा काय, टाळ्या काय, आम्ही लिहिणारे शाळेत पेपरला बसल्यासारखे. शेवटी मोजलं. बोलणाऱ्यांच्या १७ कल्पना. आमच्या, एकसारख्या वगळून, २९. नगरसेवक दादा बोलणाऱ्या गटात होते. त्यांना हा निकाल मान्य नव्हता. आमच्या कल्पना 'मिळमिळीत' आहेत असं त्यांचं म्हणणं.

मॅडमनी कारण सांगितलं. जर्मनीतल्या मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या दोघांनी १९८७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की मुख्य अडचण लाज किंवा आळस ही नाही. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, ही आहे. तो बोलतोय तोवर बाकीचे आपली पाळी धरून बसतात, आपलं वाक्य विसरू नये म्हणून ते घोकत बसतात, आणि त्या घोकण्यात नवीन काही सुचत नाही. मला हे ऐकल्या-ऐकल्या पटलं, कारण आमच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका वीस मिनिटं बोलतात आणि तोवर आम्ही सतरा जण आपापलं वाक्य धरून बसलेलो असतो.

यावर तोडगा म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डेलबेक आणि व्हॅन द व्हेन या दोघांनी एक रीत बसवली. तिचं इंग्रजी नाव भारदस्त आहे, आमच्या वर्गात तिला 'चिठ्ठीची रीत' म्हणायचे. आधी सगळ्यांनी गुपचूप लिहायचं. मग गोलात प्रत्येकानं एका वेळी एकच मुद्दा वाचायचा, एकच, आणि पुढच्याकडं जायचं, संपेपर्यंत फेऱ्या. तोवर वाद नाही. मग एखादा मुद्दा कळला नसेल तर खुलासा. शेवटी प्रत्येकानं आपल्या आवडीच्या पाच मुद्द्यांना ५ ते १ गुण द्यायचे, तेही कागदावर. बेरीज करायची.

नवव्या रविवारच्या एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जेरी हार्वे यांनी १९७४ मध्ये सांगितलेला किस्सा. टेक्सासमधलं एक कुटुंब, रणरणती दुपार, घरी डॉमिनोज खेळत बसलेत. सासरे म्हणतात, ॲबिलीनला जेवायला जाऊ या. ५३ मैल, गाडीत एसी नाही. बायको म्हणते छान कल्पना, जावई म्हणतो चला, सासूबाई म्हणतात जाऊच. धुळीतून जातात, बेचव जेवतात, परत येतात, आणि मग कळतं की कुणालाच जायचं नव्हतं. सासऱ्यांनी नुसतं बाकीचे कंटाळलेत असं वाटून म्हटलं होतं. आमचं मे महिन्यातलं पन्हाळा! अगदी तेच! सासूबाईंना वाटलं पोरांना जायचंय, पोरांना वाटलं आजीला जायचंय, मला वाटलं ह्यांना, आणि ह्यांनी पेट्रोल भरून आणलं होतं. मॅडम म्हणाल्या, गटात भांडण असतं तेव्हा निदान कळतं. सगळे हो म्हणतात तेव्हा जास्त बघायला लागतं. यावर दादा 'एकमताचा ठराव' किती चांगला असतो ते सांगायला लागले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडम फक्त हसल्या.

समारोपाबद्दल दोनच वाक्यं. वक्तृत्वाच्या वर्गाच्या समारोपाला बोलावलेले पाहुणे ५० मिनिटं बोलले आणि आम्हा विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन मिनिटं मिळाली. चिंचोक्यांची वाटी त्या दिवशी कपाटात ठेवली होती.

क्लास मार्चमध्ये संपला. मे महिन्यात मी विशेष सभा लावली. नोटिशीत 'बाबत' नाही, तो लांबलचक प्रश्न जसाच्या तसा. बँकेतल्या काकांनी फोन करून विचारलं, 'वहिनी, हे काय पेपरसारखं?' सभेला १३ जण आले, कोरमला १२ लागतात, म्हणजे निभावलं. गच्चीवर सतरंज्या, गोलात. दुकानातल्या एका बाजूला छापलेल्या खराब कागदांचे आठ-आठ तुकडे कापून नेले होते, आणि तेरा पेन. मी उभी राहिले. हात थरथरत होते, पण हातात कागद नव्हता म्हणून दिसले नाहीत. प्रश्न वाचला आणि म्हटलं, 'दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा.' काका म्हणाले, 'पण एक सांगू का?' मी म्हटलं, 'काका, लिहून सांगा.' सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या सभेत दहा मिनिटं शांतता होती. खाली रस्त्यावरून कुल्फीवाला गेला तेवढाच आवाज.

मग फेऱ्या सुरू झाल्या. मीटर वर घ्यावेत, अपेक्षित. जनरेटर, अपेक्षित. फ्लॅट विकून विश्रामबागेत जावं, हेही एकानं लिहिलं होतं आणि तेही मी फळ्यावर घेतलं. तळमजल्यावरच्या काकूंची पाळी आली. या काकू मी सून म्हणून आले तेव्हापासून सभेला येतात आणि एकदाही बोललेल्या नाहीत. चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचलं: 'पाणी ४० फुटांवर गेलं की पंप चालू करून वरच्या सगळ्या टाक्या भरून घ्याव्या. पण पंपाच्या खोलीची किल्ली कुणाकडं असते?'

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. किल्ली एकच. ती असते दुसऱ्या मजल्यावरच्या दादांकडं, आणि ते कामाला कुपवाडच्या एमआयडीसीत. २०१९ ला त्यांना रस्ता बंद झाल्यामुळं येता आलं नव्हतं. पाणी दारात यायला अख्खा दिवस लागला होता, वीज तेव्हा चालू होती, आणि टाक्या निम्म्याच भरलेल्या होत्या. ४० फूट म्हणजे इशाऱ्याची पातळी. म्हणजे हातात वेळ होता. काकूंनी त्या दिवशी पंपाच्या दाराला कुलूप बघितलं होतं आणि कुणाला सांगावं ते न कळून आत जाऊन बादल्या भरल्या होत्या.

गुणांची बेरीज झाली. मीटरला ४१, पंप उंचावर बसवणे ३८, आणि किल्ल्या व टाक्या ५२.

आता सगळं छान झालं असं समजू नका. मीटर अजून खालीच आहेत. दोन ठेकेदारांची कोटेशन आली आहेत, फ्लॅटमागे साधारण १२ हजार पडतात, आणि तीन घरांनी अजून हो म्हटलेलं नाही. बँकेतले काका माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, 'चिठ्ठ्या काय, पोरांचा खेळ आहे का?' त्यात थोडं तथ्य आहे. त्यांना खरंच पुष्कळ माहिती असते, कर्जाची, ठेवींची, कायद्याची, आणि आठव्या हिश्शाच्या कागदावर ती मावत नाही. मॅडमनी हे शिकवलं नाही, की बोलक्या माणसाला गप्प केल्यावर त्याचं करायचं काय. तो एक रविवार कमी पडला. पुढच्या सभेत मी काकांना कोटेशन तपासायचं काम दिलं. आता ते ठेकेदारांशी वीस-वीस मिनिटं बोलतात.

कुणी जावं? मुलाखतीच्या किंवा कॉलेजच्या स्पर्धेच्या तयारीला जाणाऱ्यांनी पहिले सहा रविवार मनापासून करावेत, फक्त तो ७-३८-५५ चा आकडा वहीतून खोडून टाकावा. बचत गट, दूध डेअरी, विकास सोसायटी, मंडळ, अपार्टमेंट, यांतल्या कुठल्याही सभेला ज्यांना बसावंच लागतं, त्यांनी मॅडमच्या चार रविवारांसाठी जावं. क्लासवाल्यांना माझी विनंती की ते चार रविवार वेगळे विकायला काढा, दीड-दोन हजारांत, आणि माईक बदला. स्टेजवर नट-नट्यांसारखं बोलायला शिकायचं असेल तर हा क्लास तुमचा नाही. जाताना पाण्याची बाटली घरून न्या, आणि बाथरूमचं आधीच उरकून जा.

यंदा पावसाळ्यात एका संध्याकाळी आयर्विनची पातळी चढत असल्याचा मेसेज ग्रुपवर पडला. इशाऱ्याच्या पातळीला अजून पुष्कळ अवकाश होता. मी दुकानातून घरी यायला निघाले तर पार्किंगमध्ये पंपाचा आवाज येत होता. काकू दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर तांदळाचं ताट, गळ्यात नाडीला किल्ली. म्हटलं, काकू, अजून वेळ आहे. त्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, 'भरून ठेवलेलं काय वाया जातंय?'